"मैत्रिणीचं विचारायचंय" म्हणून दाराशी थांबलेली मुलगी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शहरातल्या गरीब वस्तीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी लैंगिक आरोग्याचं सेशन घ्यायचं काम तुमच्याकडे आलं, पहिलं सेशन दीड तास चाललं, मुलगे मागे बसून हसत होते, मुलींनी मान वर केली नाही, शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर एकही हात वर आला नाही, आणि आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळी कुठला व्हिडिओ किंवा प्रेझेंटेशन वापरलं तर मुलं ऐकतील. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिलीय की सगळे गेल्यावर एक मुलगी दाराशी थांबली, "मैत्रिणीचं विचारायचंय" म्हणाली, तेवढ्यात कुणीतरी आत आलं आणि ती निघून गेली.

माझ्या दृष्टीनं तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. व्हिडिओचं खाली सांगतेच. मी नर्स आहे, १८ वर्षं झाली दाट वस्त्यांमधल्या मुलांबरोबर हे काम करतेय, शाळेत पण आणि शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या मुलांमध्ये पण, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय. ह्या मुलांना सेशननंतर जायला जागा नसते. मनात आलेलं विचारायचं कुणाला, आणि त्या माणसानं "दाखवून ये" म्हटलं तर दाखवायचं कुठं, किती वाजता, आणि ओळखीच्या कुणाच्या नजरेला न पडता कसं. हे ठरलेलं नसेल तर सेशन कितीही चांगलं झालं तरी मूल घरी जाऊन परत त्याच मित्राला आणि त्याच मोबाईलला विचारणार.

बरंच काही परिस्थितीवर आहे हे आधीच मान्य करते. तुम्ही एकदाच जाणार आहात की वर्षभर, मुलं शाळेतली आहेत की शाळेबाहेरची, तुम्ही बाई आहात की पुरुष, त्या वस्तीत तुम्हाला आधीपासून कुणी ओळखतं का, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, जवळ सरकारी दवाखाना आहे का. यातलं मला काहीच माहीत नाही, त्यामुळे मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका, त्यामागचं कारण बघा आणि तुमच्याकडे बसवा.

मी स्वतः सेशनच्या आधी काय करते ते सांगते. वस्तीतून दवाखान्यापर्यंत एकटी चालत जाते. म्हणजे खरंच चालत, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जसं १६ वर्षांचं मूल जाईल तसं. वाटेत कोण कोण बसलेलं असतं, काउंटर कुठं आहे, तिथं नाव मोठ्यानं पुकारतात का, "कशासाठी आलात" हे सगळ्यांसमोर विचारतात का, सोबत आईवडील हवेत म्हणतात का, आणि मुलांची कामाची किंवा शाळेची वेळ सुटते तेव्हा दवाखाना उघडा असतो का.

हे मी शिकले एका चुकीतून, आणि चूक माझीच होती. सुरुवातीच्या वर्षांत १६ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली, तिला खाज आणि आग होत होती, मी लगेच तिला जवळच्या एका दवाखान्याचा पत्ता दिला आणि मला वाटलं झालं काम. ती गेलीसुद्धा. काउंटरवर मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" रांगेत मागे तिच्याच गल्लीतली बाई उभी. पोरीनं सांगितलं "ताप आलाय", तापाच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आली. मला कळलं दोन महिन्यांनी, तोवर दुखणं वाढलेलं. त्या मुलीला सगळी माहिती होती, धाडस पण होतं, ती खरंच तिथवर पोचली होती. तिला अडवलं त्या काउंटरनं, आणि मी ते काउंटर कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी दवाखान्यातल्या एका माणसाशी बोलून ठेवते, नर्स असो, काउन्सेलर असो, चांगल्या स्वभावाची कुणीतरी एक. मुलांना दवाखान्याच्या नावाबरोबर त्या व्यक्तीचं नाव, वार आणि वेळ देते, आणि काउंटरवर बोलायचं वाक्यसुद्धा ठरवून देते, "अमुक ताईंना भेटायचंय, त्यांनी बोलावलंय", बास. पुढचं काही सांगायची गरज नाही. आणि हे वाक्य आम्ही सेशनमध्ये जोडीजोडीनं मोठ्यानं म्हणून बघतो. ऐकायला साधं वाटेल पण १४ वर्षांच्या मुलाच्या तोंडात वाक्य तयार असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

आता हसण्याबद्दल. मुलं हसतात ती घाबरून हसतात, त्यांना गप्प करू नका. एकाच खोलीत सगळं घर झोपतं, अंघोळीला कपडे बदलायला आडोसा नाही, मोबाईल चार जणांत एक, तो पण मोठ्या भावाच्या हातातून मिळणार, अशा मुलांच्या आयुष्यात शरीराबद्दल गंभीरपणे आणि शांतपणे बोललेलं त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. ऐकलंय ते एकतर शिवीत किंवा पॉर्नमध्ये किंवा आईच्या रागावण्यात. मग कुणीतरी समोर उभं राहून साध्या आवाजात लिंग, योनी म्हणालं की हसू येणारच. मी म्हणते, "हसा, दोन मिनिटं हसून घ्या, मी पण थांबते." आणि खरंच थांबते.

शब्दांचं तर वेगळंच दुखणं आहे आपल्याकडे. पुस्तकातला शब्द मुलांना कळत नाही आणि मुलांचा शब्द शिवी असतो. मी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन्ही लिहिते, मुलं जे म्हणतात ते आणि शास्त्रातला शब्द, आणि ठरवतो की या खोलीत आपण कुठला वापरायचा. आणि काही शब्द मी मुद्दाम टाकून देते. "स्वप्नदोष" हा शब्दच बघा ना, झोपेत वीर्य बाहेर येणं ही वयात येताना होणारी नेहमीची गोष्ट, तिच्या नावातच आपण दोष घालून ठेवलाय, मग तो मुलगा कुठल्यातरी भोंदूकडे ताकदीच्या पुड्या घ्यायला जाणार नाही तर काय. "गुप्तरोग" तसंच. रोगाचं नावच गुप्त असेल तर मूल तो लपवणारच. मी "लैंगिक संबंधातून पसरणारं इन्फेक्शन" म्हणते, लांब आहे, पण त्यात लपवायला सांगितलेलं नाही. पाळीला "अडचण" म्हणू नका, पाळीच म्हणा.

घाबरवू नका. हे मी खूप आग्रहानं सांगते कारण नवीन लोक हमखास ही चूक करतात, मी पण केली. पहिल्या वर्षी मी रोगांचे मोठेमोठे फोटो दाखवायचे, मुलं गपगार व्हायची आणि मला वाटायचं परिणाम झाला. एका मुलीला अंगावरून पांढरं जायचं, अगदी नॉर्मल, त्या वयात बहुतेक सगळ्याच मुलींना जातं. तिनं माझे फोटो बघून ठरवलं की आपल्याला तोच रोग झालाय, आणि चार महिने कुणाला सांगितलं नाही, झोप उडाली, शाळेत लक्ष लागेना. शेवटी ती मला हे सांगायला आली तेव्हा मी काय बोलावं तेच मला सुचेना.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे फक्त माझ्या वर्गापुरतं नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या ५७ शाळांमध्ये मुलींना रडणारी, भूक लागणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली सांभाळायला देऊन आईपण किती अवघड हे दाखवायचा कार्यक्रम होता, म्हणजे मुली घाबरून लवकर गरोदर राहणार नाहीत असा हेतू. अभ्यास २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुली २० वर्षांच्या होईपर्यंत पाठपुरावा केला होता, तर बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी १७ टक्के एकदातरी गरोदर राहिल्या आणि न सांभाळलेल्यांपैकी ११ टक्के. एवढा खर्च, एवढी मेहनत आणि निकाल उलटा. चांगला हेतू आणि दिसायला भारी कार्यक्रम यावर विश्वास ठेवून चालत नाही, म्हणून सांगतेय.

याच्या विरुद्ध एक उदाहरण केनियाचं आहे, मला ते फार आवडतं. पास्कालिन ड्युपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं शिक्षकांना ट्रेनिंग देऊन लग्नाआधी संबंध नकोच असं शिकवणारा सरकारी अभ्यासक्रम होता, त्यानं मुलींच्या गरोदरपणात फरक पडला नाही. पण काही शाळांमध्ये एकच छोटं सत्र घेतलं आणि त्यात एक नेमकी गोष्ट आकड्यांसकट सांगितली, की मोठ्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा खूप जास्त आहे. वर्षभरात त्या शाळांमधलं गरोदरपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं, कारण पैसे किंवा वस्तू देणाऱ्या मोठ्या पुरुषांपासून मुली लांब राहिल्या. "करू नका" म्हणणं वेगळं, आणि त्या मुलीच्या आयुष्यात आज जी निवड समोर उभी आहे तिच्याबद्दल तिला माहीत नसलेली खरी गोष्ट सांगणं वेगळं. तुमच्या वस्तीत ती नेमकी गोष्ट कुठली हे मी इथून सांगू शकत नाही, ते तिथल्या मुलांकडूनच कळेल.

आणि ते कळायचा माझा मार्ग म्हणजे प्रश्नांची पेटी. "काही प्रश्न?" असं विचारून हात वर करायला सांगणं म्हणजे मुलाला सगळ्यांसमोर कबुली द्यायला लावणं. मी सगळ्यांना सारख्याच आकाराचे कागद देते, सारखीच पेन्सिल, आणि सगळ्यांनी लिहायचं. ज्याला प्रश्न नाही त्यानं "मला प्रश्न नाही" हे वाक्य दोनदा लिहायचं, म्हणजे किती वेळ पेन्सिल चालली यावरून पण कुणाला काही कळत नाही. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी चित्रं असलेले कागद ठेवते, ज्याबद्दल विचारायचंय त्यावर खूण करायची. कागद मी घरी नेते, लगेच उत्तरं देत नाही. एकतर मला विचार करायला वेळ मिळतो, आणि दुसरं म्हणजे एखाद्या कागदात अत्याचाराची गोष्ट असू शकते, ती सगळ्यांसमोर माझ्या तोंडून वाचली जायला नको.

पेटीतून जे येतं त्यावरून माझा अभ्यासक्रम ठरतो. दरवेळी काही गोष्टी येतातच, आणि काही गोष्टी मुलं विचारत नाहीत पण त्यांना माहीत असायलाच हव्यात, म्हणून मी स्वतःहून घालते.

मुलींसाठी सगळ्यात आधी नॉर्मल काय ते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती अनियमित असू शकते, किशोरवयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस हे सगळं नॉर्मलमध्ये येतं. पांढरं किंवा पारदर्शक जाणं नॉर्मल. वास, खाज, हिरवट पिवळा रंग, पोटात खाली दुखणं, हे दाखवायला जायचं. दर एकदोन तासाला पॅड किंवा कपडा पूर्ण भिजत असेल तर दाखवायचं, १५ वर्षांपर्यंत पाळी आलीच नाही तरी दाखवायचं. आणि योनीच्या पडद्याबद्दल स्पष्ट सांगा, कारण त्या भीतीखाली मुली जगतात. मुलीचे आधी कुणाशी संबंध आलेत का हे तपासून कुणालाच कळत नाही, कुठल्याच डॉक्टरला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर २०१८ मध्ये अशी तपासणी बंदच करा असं जाहीरपणे सांगितलंय.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट जवळपास कुणीच सांगत नाही आणि त्यापायी मुलं आयुष्यभराचं नुकसान करून घेतात. अंडकोषात अचानक जोरात कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर तो पीळ पडलेला असू शकतो, रक्तपुरवठा बंद होतो आणि साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचायची शक्यता चांगली असते, उशीर झाला की काढून टाकावा लागू शकतो. किशोरवयात हे जास्त होतं. मुलगा लाजेनं रात्रभर पोट दुखतंय म्हणून पडून राहतो. त्यामुळे मी प्रत्येक गटात हे सांगते, आणि सांगते की आईला सांगायला लाज वाटली तर नुसतं "खाली दुखतंय, आत्ताच्या आत्ता दवाखाना" एवढं म्हण.

बाकी मुलांच्या कागदांवर काय असतं ते तुम्हाला पण माहीत असेल, आकार, किती वेळ, आणि हस्तमैथुनानं कमजोरी येते का. टाळू नका, सरळ उत्तर द्या. हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही, नंतर मूल होण्यावर परिणाम होत नाही, रक्त आटत नाही. आकाराबद्दल मी आकडाच देते, २०१५ मध्ये १५ हजारांहून जास्त पुरुषांची मोजमापं एकत्र करून केलेल्या अभ्यासात ताठर अवस्थेतली सरासरी १३ सेंटीमीटरच्या आसपास आली, ती पण पूर्ण वाढ झालेल्या पुरुषांची, आणि तुम्ही अजून वाढताय. हे सांगितल्यावर खोलीत जो सुस्कारा पडतो ना तो ऐकण्यासारखा असतो. मग पॉर्नबद्दल बोलायला दार उघडतं, की ते शूटिंग आहे, कापून जोडलेलं, आणि त्यात कुणी कुणाला "चालेल का?" असं विचारताना दाखवत नाहीत, आणि खऱ्या आयुष्यात तो प्रश्न सगळ्यात आधी येतो.

हा "चालेल का" चा भाग शेवटी दहा मिनिटं उरली तर घेऊ असा ठेवू नका. निकोल हॅबरलँड या संशोधक बाईंनी २०१५ मध्ये लैंगिक शिक्षणाचे २२ कार्यक्रम तपासले होते. मुलगामुलगी यांच्यातली असमानता, कुणाचं चालतं आणि कुणाला गप्प बसावं लागतं, हे ज्या १० कार्यक्रमांनी घेतलं होतं त्यातल्या ८ मध्ये गरोदरपण किंवा इन्फेक्शनचं प्रमाण खरंच घटलं, आणि ज्या १२ नी ते घेतलं नव्हतं त्यातल्या फक्त २ मध्ये. माझा अनुभव अगदी हाच आहे. कंडोम कसा वापरायचा हे मुलीला पाठ असतं, पण "वापर नाहीतर नको" हे म्हणायची तिची प्राज्ञा नसते, आणि मुलग्याला कुणी सांगितलेलंच नसतं की गप्प बसणं म्हणजे हो नसतं.

तासांचं गणित मात्र पाठच करून घ्या त्यांच्याकडून, कारण ह्या मुलांच्या बाबतीत उशीर हाच सगळ्यात मोठा धोका असतो. गर्भधारणा टाळायची इमर्जन्सी गोळी संबंधानंतर लवकरात लवकर, जास्तीत जास्त ५ दिवसांत, आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. तिनं गर्भपात होत नाही, ती बीज बाहेर पडणं लांबवते. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर तो टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जबरदस्ती झाली असेल तर ह्या दोन्ही गोष्टी लगेच लागतात, म्हणून दवाखाना आधी, बाकीचं बोलणं नंतर. लैंगिक संबंधातून पसरणारं क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन बहुतेक मुलींना काहीच लक्षण देत नाही, पण टेस्टमध्ये कळतं आणि अँटिबायोटिकनं बरं होतं. एचपीव्ही या विषाणूवरची लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळण्यासाठी, ती तुमच्याकडे कुठं मिळते हे शोधून ठेवा.

कंडोमचं प्रात्यक्षिक तुम्हाला करू देतील की नाही हे तुमच्या संस्थेवर आहे. करू दिलं तर छोट्या गोष्टी सांगा, एक्स्पायरी तारीख, खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवला तर उष्णतेनं आणि घासून खराब होतो, तेल किंवा व्हॅसलीननं लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, फाटतं, आणि दोन एकावर एक घालायचे नाहीत.

फोटोंचं आता टाळताच येत नाही. कुणीतरी कपड्यांशिवायचा फोटो मागितला, मुलानं किंवा मुलीनं तो पाठवला, आणि आता तो माणूस धमकी देतोय, हे दर दोनतीन गटांत एकदा येतंच. मी चार गोष्टी सांगते, पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचा नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, आणि आजच्या आज एका मोठ्या माणसाला सांगायचं. "टेक इट डाउन" नावाची एक फुकट सेवा २०२३ पासून आहे, १८ वर्षांच्या आतल्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी. त्यात फोटो कुठं अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सामील असलेले प्लॅटफॉर्म तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. मुलांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं आता सगळं संपलं.

गुपिताबद्दल एक. "तू मला सांग, मी कुणालाच सांगणार नाही" हे वाक्य कधीच बोलू नका. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते की तुम्ही बोललेलं मी बाहेर नेणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करत असेल किंवा तुम्ही स्वतःला करणार असाल तर मला मदत आणावी लागेल, आणि ती आणताना आधी तुम्हाला सांगेन, तुमच्या पाठीमागे काही करणार नाही. कायद्यानं कुठल्या गोष्टी तुम्हाला कळवाव्याच लागतात ते तुमच्याकडच्या माणसाला विचारून सेशनच्या आधी लिहून घ्या. मुलं यामुळे बोलायची थांबतील अशी भीती मला पण होती, झालं उलट, आधी खरं सांगितलं म्हणून विश्वास बसला.

पालक. त्यांना वगळून करू नका, परत येऊच देणार नाहीत. मी मुलांच्या आधी आयांची मीटिंग घेते, सगळं साहित्य त्यांच्यासमोर ठेवते, जे कामावरून उशिरा येतात त्यांच्यासाठी रात्री. "यानं मुलं बिघडतील" हे येणारच. युनेस्कोनं जगभरातले अभ्यास बघून २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर संबंध सुरू करतात असं दिसलेलं नाही. मी हे सांगते, पण खरं सांगायचं तर आयांचं मन आकड्यांनी वळत नाही. त्यांना विचारा, "तुमची पहिली पाळी आली तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आणि मग तुम्ही गप्प बसा, त्या बोलतील. वडिलांसाठी वेगळी बैठक, तिथं पुरुष सहकारी असेल तर उत्तम.

किती सेशन? एकात होत नाही. परिणाम दिसलेले कार्यक्रम बघितले तर साधारण १२ किंवा जास्त सत्रं असतात. केनियाचं एकाच सत्राचं उदाहरण वर दिलं ते नेमक्या एका प्रश्नावर होतं, सगळ्या विषयावर नव्हतं. तुम्हाला तीनच मिळणार असतील तर तीनच घ्या, पण मधे मधे भेटायची ठरलेली वेळ ठेवा. मुलगेमुली वेगळे की एकत्र, मी शरीराचं वेगळं घेते आणि संमतीचं, नात्यांचं एकत्र, कारण एकमेकांचं ऐकणं तिथंच होतं. ज्या मुलांना मुलगेच आवडतात, मुलीच आवडतात, किंवा जे स्वतःला मुलगा मुलगी यात बसवत नाहीत, ते तुमच्या गटात आहेत असं धरूनच बोला. अपंग मुलांना वगळू नका, त्यांच्यावर अत्याचाराचा धोका जास्त असतो.

व्हिडिओ: पाच मिनिटांचा, तुमच्याच बोलीतला, शरीराची चित्रं स्पष्ट असलेला कुठलाही चालेल. आधी स्वतः दोनदा बघा, त्यात घाबरवणं, लाजवणं असेल तर सोडून द्या. मोबाईलवर चारचार जणांच्या गटात दाखवला तर मोठ्या पडद्यापेक्षा बरं, अंधार केला की मागच्या मुलांचं हसणं वाढतं.

परिणाम मोजायला चूक-बरोबरची परीक्षा घेऊ नका, किंवा संस्थेला हवीच असेल तर घ्या पण त्यावर विसंबू नका. मी महिन्याभरानं विचारते, "तुझ्या मैत्रिणीला मदत हवीय, ती कुठं जाईल, कुठल्या वारी, काय म्हणेल?" उत्तर आलं तर काम झालंय. आणि दवाखान्यातल्या माझ्या ओळखीच्या नर्सला विचारते, नाव न सांगता, किती जण आले. इंग्लंडमध्ये १९९९ साली सरकारनं दहा वर्षांची योजना घेतली, त्यात शिक्षण आणि मुलांना सहज जाता येईल असे दवाखाने दोन्ही एकत्र होते, आणि १८ वर्षांखालच्या मुलींच्या गरोदरपणाचं प्रमाण १९९८ च्या तुलनेत २०१४ पर्यंत निम्म्यावर आलं. वेळ लागतो, पण होतं.

आता त्या दाराशी थांबलेल्या मुलीचं. तिला शोधत फिरू नका, तिच्या मैत्रिणींना विचारू नका, नाव काढू नका. त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला परत जा, सेशन नसलं तरी. काहीतरी काम हातात घेऊन बसा, कागद लावत बसा, म्हणजे तुम्ही कुणाची वाट बघताय असं बाहेरून दिसणार नाही. दार अर्धवट उघडं ठेवा, तिला आत येता आलं पाहिजे आणि वाटलं तर निघूनही जाता आलं पाहिजे. आली, तर ती मैत्रिणीचंच विचारेल. तुम्ही पण मैत्रिणीबद्दलच उत्तर द्या, "तुझंच आहे का" असं विचारू नका, अगदी शेवटपर्यंत नाही. फक्त एवढं विचारा की मैत्रिणीला हे होऊन किती दिवस झाले, कारण वर लिहिलेले तास तिथं लागू होतात. पहिल्या आठवड्यात ती येणार नाही कदाचित. माझ्याकडे एक मुलगी पाचव्या आठवड्यात आली होती.

जाऊन आलात की इथंच कळवा, दवाखान्यात काय बघितलंत ते पण लिहा, मग पुढचं सेशन कसं बांधायचं ते त्यावरून बोलू.